२३ क्रूसांमधला आमचा गोन्सालो नेमका कोणता?

निर्मळकर_निवृत्त

नमस्कार. मी वसईचा. बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून चर्चच्या कमिटीत ‘ह्यांना वेळ असतो’ या एकाच पात्रतेवर आहे. चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही. शाळेत मी काढलेल्या आंब्याला गुरुजींनी ‘वांगं बरं जमलंय’ म्हणून सहा गुण दिले होते, त्यानंतर पेन्सिल फक्त व्हाउचरवर टिक करायला धरली.

फेब्रुवारीत संत गोन्सालो गार्सियाचा सण. यंदा आवारात माहितीचे फ्लेक्स लावायचं ठरलं आहे. बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात: गोन्सालो आमचा वसईचा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानात नागासाकीला त्याला क्रूसावर मारलं. १८६२ मध्ये पोपने संत जाहीर केलं. भारतात जन्मलेला पहिला संत. गासच्या चर्चला त्याचंच नाव आहे.

भाच्याने नेटवरून एक जुनं चित्र शोधून पाठवलं. जाक कॅलो नावाच्या फ्रेंच माणसाचं एचिंग, १६२७ च्या सुमाराचं. खाली जुन्या फ्रेंचमध्ये एक ओळ आहे. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यात ‘पहिले २३ हुतात्मे’ असं लिहिलंय, ‘ताइकोसामा’ हे बादशहाचं नाव आहे आणि नागासाकीचं ‘मोंगासाकी’ झालंय. (आमच्या बँकेत निर्मळचं निर्मल व्हायचं, तेव्हा त्या माणसाला दोष देत नाही.) मूळ छपाई म्हणे जेमतेम १७ बाय ११ सेंटिमीटर. आम्ही ती सहा फूट उंच करणार आहोत.

आता खरी अडचण. कमिटीने ठराव केला की आपल्या गोन्सालोभोवती लाल गोल काढायचा आणि बाण मारायचा. पण गोन्सालो कोणता? खजिनदार म्हणतात मधला, कारण मधला तो मुख्य. घंटा वाजवणारे आमचे बावतीसभाऊ म्हणतात सगळ्यात पुढचा, कारण तो धीट होता. बायको म्हणाली, ज्याचा चेहरा आपल्या माणसासारखा दिसेल तो. मी भिंग घेऊन बसलो. चेहरे मोहरीएवढे. सगळेच आपल्यासारखे दिसायला लागले, एक तर हुबेहूब माझा मेहुणा.

शिवाय आम्ही लहानपणापासून ऐकलं की एकूण २६ जण होते. मग इथे २३ का? तिघं कुठे गेले? आणि आमच्या पुस्तिकेत लिहिलंय की दोन्ही बाजूंनी दोन भाले मारले. येशूला तर एकच भाला होता. असल्या चित्रांत प्रत्येक गोष्टीला काहीतरी अर्थ असतो असं भाचा म्हणतो. तर जाणकारांनी सांगावं. फ्लेक्सवाल्याला शुक्रवारी फाइल द्यायची आहे.

---

प्लेट_पुसणारी

काका, आधी एक विनंती: गोल काढू नका. का ते सांगते, थोडं लांबेल.

मी छापचित्रं करते, मुंबईत शिकले. कॅलो हा आमच्या धंद्यातला मोठा माणूस. जन्म १५९२, फ्रान्सच्या सीमेवरच्या लोरेन प्रांतात, नान्सी गावी. तरुणपणी फ्लोरेन्सला मेदिची घराण्याच्या पदरी होता, १६२१ मध्ये परत गावी आला आणि १६३५ मध्ये तिथेच वारला. सुमारे चौदाशे प्लेटी केल्या. त्यातल्या बऱ्याचशा नान्सीच्या संग्रहालयात अजून आहेत. त्याला पुरलं तेही नान्सीच्या फ्रान्सिस्कनांच्या (असिसीच्या संत फ्रान्सिसच्या संघातल्या संन्याशांच्या) चर्चमध्ये, आणि तुमचा गोन्सालोही फ्रान्सिस्कनच.

एचिंग म्हणजे काय ते दोन ओळींत. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्याला आम्ही ग्राउंड म्हणतो. त्यावर सुईने रेघा ओढायच्या, म्हणजे तिथे तांबं उघडं पडतं. मग पत्रा आम्लात. आम्ल फक्त रेघा खातं. मग ग्राउंड काढून शाई भरायची, वरची पुसायची (माझं नाव त्यावरून), ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचा.

कॅलोच्या आधी हे काम सैल असायचं. मेणाचा ग्राउंड मऊ, सुई घसरते, थर मध्येच उडतो. त्याने ल्यूट बनवणारे कारागीर वाद्याला जे कडक वॉर्निश लावतात ते पत्र्यावर लावलं. आणि सुईऐवजी तिरकं टोक कापलेलं एक हत्यार घेतलं, एशॉप म्हणतात त्याला. बोटात फिरवलं की रेघ बारीक सुरू होऊन मधे जाड होते आणि पुन्हा बारीक संपते. बोरूने मोडीत लिहिताना जसं होतं तसं. त्यामुळे मोहरीएवढ्या माणसालाही पोट, पाठ, पोटऱ्या आल्या.

आम्लाची रेसिपी अब्राहम बॉस नावाच्या त्याच्याच काळातल्या कारागिराने १६४५ मध्ये छापून ठेवली आहे: व्हिनेगर, मीठ, नवसागर आणि जंगाल (तांब्याचा हिरवा गंज). हो, कल्हईवाला वापरतो तोच नवसागर. उकळून गार करायचं आणि तिरप्या ठेवलेल्या पत्र्यावरून वाटीवाटीने ओतत राहायचं. तीव्र नाही, म्हणून वेळ हातात राहतो.

आणि वेळ हीच त्याची खरी युक्ती. दूरच्या गोष्टी थोडाच वेळ खाऊ द्यायच्या, मग त्या रेघांवर लेप देऊन बंद करायच्या आणि जवळच्या गोष्टी पुन्हा आम्लाखाली. पुन्हा लेप, पुन्हा आम्ल. जो आपल्या जवळ तो आम्लात जास्त वेळ. फ्लोरेन्सजवळच्या इंप्रुनेता गावची जत्रा त्याने १६२० मध्ये अशीच केली. हजारावर माणसं आहेत तिच्यात, गाढवं-कुत्री वेगळी, आणि तरी गर्दीत श्वास घेता येतो. मी विद्यार्थिदशेत हा प्रकार करून पाहिला. आकाशावर लेप द्यायला विसरले आणि चहाला गेले. परत आले तर कोकणातली सकाळ काढायची होती तिथे अमावास्या झालेली. सर म्हणाले, शीर्षक बदल.

आता तुमच्या बावतीसभाऊंचा मुद्दा. पुढचा माणूस ठळक दिसतो तो पुढे आहे म्हणून. धीट होता म्हणून नव्हे. आणि मधला मुख्य, हा नियम राजाच्या दरबारात चालतो, पण इथे मुख्य कुणी ठेवलेलाच नाही.

शिवाय एक फसवी गोष्ट. छापताना चित्र उलटं होतं. पत्र्यावरचं डावं कागदावर उजवं. काही चित्रकार आधीच उलटं काढून भरपाई करतात, काही करत नाहीत. त्यामुळे कुणी तुम्हाला ‘जुन्या यादीत गोन्सालो अमुक टोकाला होता’ म्हणून बोट ठेवायला सांगितलं तर ते बोट दुसऱ्या टोकाला पडू शकतं.

खुणांबद्दल. या काळातली धार्मिक छापचित्रं वाचायची एक ठरलेली लिपी होती, आणि ती निरक्षर माणसालाही यायची. अंगात घोळदार झगा आणि कमरेला दोरी दिसली की फ्रान्सिस्कन. त्या दोरीला तीन गाठी: गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. हुतात्म्यांच्या चित्रांत देवदूत झावळी आणि मुकुट घेऊन येतात. झावळी बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातली, पांढरे झगे घालून राजासनापुढे उभ्या असलेल्या मोठ्या समुदायाच्या हातातली. झावळ्यांच्या रविवारी तुमच्या हातात असते तीच, पण अर्थ विजयाचा. मुकुटही त्याच पुस्तकातला, मरेपर्यंत विश्वासू राहणाऱ्याला मिळणारा जीवनाचा मुगुट.

डोक्याभोवतीचं तेज मात्र कुणीही कुणालाही लावू शकत नव्हतं. पोप आठवे अर्बन यांनी १६२५ मध्ये हुकूमच काढला की रोमने मान्यता दिल्याशिवाय कुणाच्या चित्राला किरणं किंवा प्रभामंडळ काढायचं नाही. म्हणजे चित्रकाराची सुई चर्चच्या फाइलशी बांधलेली होती. तुम्ही बँकवाले, तुम्हाला हे कळेल.

भाल्यांचं. येशूच्या कुशीत एक भाला, आणि तोही तो मेल्यावर, रक्त आणि पाणी बाहेर आलं ते दाखवण्यासाठी. नागासाकीत भाला हीच मृत्यूची रीत होती. दोन शिपाई दोन्ही बाजूंनी खालून वर भोसकत, पाती छातीत एकमेकांना छेदत. खिळे नव्हते, दोर आणि लोखंडी कड्या होत्या. युरोपातल्या चित्रांत दोरांनी बांधलेला दिसला की लोक बहुतेकदा तो चोर समजत, कारण येशूला खिळे आणि शेजारच्या दोन चोरांना दोर अशी सवय डोळ्यांना होती. त्यामुळे नागासाकी काढणाऱ्याची पंचाईतच होती. घडलेलं खरं दाखवावं तर चोर वाटतात, खिळे दाखवावे तर खोटं होतं.

नावं कुठेच नाहीत. तुमचा गोन्सालो त्यात आहे एवढंच खात्रीचं.

---

जुनी_दप्तरं

प्लेटताईंनी चित्राचं छान सांगितलं. २३ आणि २६ चं गणित मी सोडवतो, कारण त्यात जुनं भांडण आहे.

नागासाकीच्या टेकडीवर मारले गेलेले एकूण २६. त्यात सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट (हा दुसरा धर्मसंघ) आणि सतरा तिथले सामान्य ख्रिस्ती लोक, जे फ्रान्सिस्कनांच्या मिशनशी जोडलेले होते. सहा अधिक सतरा म्हणजे तुमचे २३. राहिलेले तिघं जेझुइट, त्यात पॉल मिकी हे सगळ्यांत प्रसिद्ध नाव.

या दोन संघांत जपानवरून फार बिनसलं होतं. १५८५ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी जपान हे क्षेत्र जेझुइटांना एकट्यांना दिलं होतं. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन मनिलाहून वकिलातीच्या निमित्ताने आत शिरले. गोन्सालोची गंमत अशी की तो दोन्हीकडे होता. वसईत जेझुइटांकडे शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, त्यांच्या कामात मदतनीस होता, जपानी उत्तम बोलायचा. पुढे व्यापार केला, मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. फ्रान्सिस्कनांचे पेद्रो बाउतिस्ता हे वकील म्हणून जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे उभे राहिले तेव्हा दुभाषा हा वसईचा माणूस होता. ताइकोसामा म्हणजे तोच हिदेयोशी.

१५९६ मध्ये सान फेलिपे नावाचं स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलं, माल जप्त झाला, संशय वाढला आणि मग धरपकड. क्योतोत सगळ्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवत नेलं. निघताना चोवीस होते. वाटेत दोघं त्यांची सेवा करता करता पकडले गेले.

१६२७ मध्ये रोमने या सगळ्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) जाहीर केलं. पण २३ फ्रान्सिस्कनांचा हुकूम वेगळा आणि तिघा जेझुइटांचा वेगळा. प्रत्येक संघाने आपापल्या माणसांचे उत्सव केले, आपापली चित्रं छापून वाटली. कॅलोचं चित्र त्याच धामधुमीतलं, म्हणून त्यात तिघं नाहीत. सगळे २६ एका यादीत आले ते थेट ८ जून १८६२ ला, पोप नववे पायस यांनी संत जाहीर केलं तेव्हा.

फ्रान्सिस्कनांना क्रूसाचं अप्रूप जास्त असण्याचंही कारण आहे. त्यांच्या मूळपुरुषाच्या, असिसीच्या फ्रान्सिसच्या, हातापायांवर येशूच्या जखमा उमटल्या अशी श्रद्धा. बापाला जखमा मिळाल्या, मुलांना आख्खे क्रूस. १६२७ मध्ये एवढे क्रूस एका कागदावर पाहणाऱ्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता शोध थोडा सोपा करून देतो. २३ मधले सतरा बाजूला काढा (त्यात बारा-तेरा वर्षांची पोरंही होती). उरले झगा घातलेले सहा. तिघं धर्मगुरू, एक शिकाऊ आणि दोन ब्रदर (संघातले, पण धर्मगुरू नसलेले). गोन्सालो त्या दोन ब्रदरांतला एक. दुसरा फ्रान्सिस्को दे सान मिगेल. आणि तो शिकाऊ म्हणजे फेलिपे दे हेसुस, मेक्सिको सिटीत जन्मलेला, त्यांच्या देशाचा पहिला संत. म्हणजे हेच चित्र समोर धरून मेक्सिकोतही कुणी निवृत्त कारकून आपला माणूस शोधत बसला असेल.

अवांतर: ब्राझीलमध्ये रेसिफे गावात १७४५ मध्ये गोन्सालोचा मोठा उत्सव झाला. तो करणारे होते तिथले मिश्र वंशाचे, सावळे लोक. गोरे त्यांना हिणवायचे, त्यांचं म्हणणं की हा संतही आमच्याच रंगाचा, आईकडून. त्यावर तिथे प्रवचनही झालं. वसईच्या त्या बाईचं नाव कुठे नोंदलेलं नाही, पण तिच्या कातडीचा रंग दीडशे वर्षांनी अटलांटिकपलीकडे कामाला आला. इकडे तोवर वसई चिमाजी अप्पांनी घेऊन सहा वर्षं झाली होती.

---

निर्मळकर_निवृत्त

दोघांचेही आभार. प्लेटताई, तुम्ही आकाशाला लेप द्यायला विसरलात तो किस्सा बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, दूध गॅसवर ठेवून धागे वाचणाऱ्याने हसू नये.

खजिनदारांना २३ चं कारण सांगितलं. त्यांचा भाऊ जेझुइट आहे. ते म्हणाले, ‘मग त्या तिघांना आपण बाजूला चिकटवू.’ मी म्हटलं, चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या चित्रात? ते म्हणाले, फोटोशॉपमध्ये होतं.

रेसिफेचं वाचून मात्र गप्प बसलो. मी आयुष्यभर त्या आईबद्दल ‘एक स्थानिक स्त्री’ एवढंच वाचत आलो. फ्लेक्सवरही तेच लिहिलं होतं.

---

हेगकर

मला थोडं वेगळं मत मांडायचंय. मी बारा वर्षं नेदरलँड्समध्ये आहे, पाहुणे आले की सगळ्यांना ॲमस्टरडॅमला जुना डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या घरात नेतो. तिथे प्रेसवर छपाई करून दाखवतात. सासऱ्यांना ते इतकं आवडलं की ट्यूलिप राहून गेले.

कॅलो कारागीर म्हणून थोर असेल, पण त्याची माणसं मला मुंग्या वाटतात. निर्मळकरकाकांना चेहरा सापडत नाही, कारण चित्रकाराला तो नकोच होता. वीसेक वर्षांनी रेम्ब्रांट हेच माध्यम घेऊन काय करतो बघा. सुमारे १६४८ चं ते मोठं एचिंग, ‘शंभर गिल्डरचा छाप’ म्हणून ओळखतात, कारण तेवढ्याला विकला गेल्याचं १६५४ च्या एका पत्रात आहे. साधारण २८ बाय ३९ सेंटिमीटर. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा आख्खा एकोणिसावा अध्याय त्याने एकाच कागदावर मांडलाय. डावीकडे वाद घालणारे परूशी (कर्मठ यहुदी), नुसत्या बाह्यरेषेत. लेकरं घेऊन आलेल्या आया, आणि त्यांना मागे सारणारा येशूचा शिष्य पेत्र. एक श्रीमंत तरुण बसलाय, तोंडावर हात ठेवून. सगळं विकून गरिबांना दे म्हटल्यावर माणूस जसा बसेल तसा. आणि उजवीकडे दरवाजाच्या कमानीत एक उंट. श्रीमंत स्वर्गात जाण्यापेक्षा सुईच्या नेढ्यातून जाणं ज्याला सोपं, तोच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं पूर्वेकडची शोभा म्हणून घातलाय. नंतर कुणीतरी अध्याय वाच म्हणालं.

उजवीकडून आजारी लोक येतात, काळोखातून. त्यातल्या एका म्हातारीच्या जोडलेल्या हातांची सावली येशूच्या झग्यावर पडलीय. एवढीशी सावली. झावळी नको, मुकुट नको, देवदूत नको. माझ्या मते अशा खुणा गेल्या तिथे धर्म जास्त आला.

आणि तुम्हा भारतवाल्यांसाठी: १६५६ मध्ये, म्हणजे दिवाळं निघालं त्याच वर्षी, त्याने बायबलमधल्या अब्राहामाकडे तीन पाहुणे आल्याचं लहानसं एचिंग केलं. पाहुणे म्हणजे देव आणि दोन देवदूत, पण खुर्चीवर नाहीत, जमिनीवर सतरंजी टाकून बसलेत. कारण ही बैठक त्याने एका मुघल चित्रावरून घेतली. झाडाखाली गालिच्यावर बसलेले चार वृद्ध सत्पुरुष, त्याची रेम्ब्रांटने केलेली नक्कल ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दाराआडून अब्राहामाची बायको सारा ऐकतेय. आपल्याकडे पाहुणे आल्यावर बायका ऐकतात तशीच.

---

प्लेट_पुसणारी

हेगकर, रेम्ब्रांटवर माझाही जीव आहे, पण मुंग्या म्हणालात तिथे थांबा. रेम्ब्रांटने तरुणपणी भिकारी काढले ते कॅलोचे भिकारी समोर ठेवूनच.

आणि कॅलोला चेहरे येत नव्हते असं नाही. १६३३ ची त्याची युद्धाच्या दुर्दशेची मालिका बघा, अठरा प्लेटी. त्यातल्या एकीत मोठं झाड आहे आणि त्याला दरोडेखोर झालेल्या शिपायांना फासावर लटकवलंय. खालच्या काव्यात त्यांना झाडाची अभागी फळं म्हटलंय. तिथेही तुम्ही चेहरा शोधू लागलात तर सापडणार नाही, मोजू मात्र लागता. एक, दोन, सात, बारा. झाडाखाली एक पाद्री शिडीवर चढून पुढच्याला क्रूस दाखवतोय, आणि पलीकडे सैनिक फासे खेळताहेत. फासे पुन्हा कुठले? क्रूसाखाली येशूच्या कपड्यांवर चिठ्ठ्या टाकल्या तिथले. म्हणजे त्याने चोरांच्या फाशीत क्रूसाची खूण ठेवली, आणि नागासाकीच्या संतांना चोरांसारखं ओळीने मांडलं. माझ्या डोक्यात ही दोन चित्रं शेजारीशेजारी टांगलेली असतात.

कॅलो मोजायला लावतो. फ्रान्सिस्कनांना १६२७ मध्ये आकडाच सांगायचा होता ना, तेवीस. रेम्ब्रांटला कुणाचा हुकूम नव्हता, त्याचा ग्राहक प्रोटेस्टंट शहरातला हौशी संग्राहक, घरी फोल्डरमध्ये ठेवून रात्री दिव्याजवळ पाहणारा. तिथे म्हातारीच्या हातांची सावली चालते. चर्चच्या दारात वाटायच्या कागदावर झावळीच लागते. खुणा गेल्या की धर्म वाढतो हे संग्राहकाचं मत झालं, बावतीसभाऊंना विचारा.

काका, एक व्यावहारिक सूचना. १७ सेंटिमीटर सहा फुटांवर नेलंत तर रेघांचे दोरखंड होतील आणि एशॉपची सगळी नजाकत जाईल. मूळ मापाचा एक चांगला प्रिंट काढून काचेत ठेवा, शेजारी दोरीला बांधून भिंग ठेवा. पोरं रांग लावतील.

---

निर्मळकर_निवृत्त

शेवटचं कळवतो, मग धागा बंद केला तरी चालेल.

कमिटीची मीटिंग पावणेदोन तास चालली. गोल रद्द. खजिनदारांचे तीन जेझुइट वेगळ्या फ्लेक्सवर, शेजारी, तेवढ्याच उंचीचे. भिंगाची कल्पना फादरांना फार आवडली. भिंग माझंच, स्टँप गोळा करायचो तेव्हाचं. ‘दोरीला बांधा’ हे मिनिट्समध्ये लिहून घेतलंय, कारण आमच्याकडे पेनसुद्धा राहत नाहीत.

चित्राखाली काय लिहायचं यावर शेवटी बायकोने तोडगा काढला. ‘यातला एक वसईचा आहे. झगा आणि कमरेला दोरी असलेल्या सहांपैकी.’ एवढंच. बावतीसभाऊ म्हणाले, मग लोक येऊन विचारतील कोणता. ती म्हणाली, विचारू देत, तुम्ही तिथेच खुर्ची टाकून बसा. ते तयार झालेत, आणि मला ठाऊक आहे ते सगळ्यांना पुढचाच दाखवणार.

आईबद्दलची ओळ मी बदलली. ‘एक स्थानिक स्त्री’ काढून ‘आई वसईची, नाव नोंदलेलं नाही’ असं केलं. आणि रेसिफेच्या लोकांचं दोन ओळींत टाकलं.

फ्लेक्सवाल्याने प्रूफ पाठवलं. मजकूर बरोबर आहे, चित्र नीट आहे, पण चारी कोपऱ्यांत स्वतःहून गुलाबाची फुलं आणि वर दोन उडणारी कबुतरं टाकलीत. म्हणाला, ‘काका, नुसतं काळं-पांढरं बरं नाही दिसत.’ उद्या सकाळी दुकान उघडायच्या आत जाऊन उभा राहतो.